सॅन फ्रान्सिस्कोचं प्रेसिडिओ : आई-अण्णांना एका दिवसात काय दाखवावं? लवकर सांगा

परभणीकर_सचिन :
आई-अण्णा ताईकडे गेलेत. ताईला सुट्टी नाही, म्हणून दोघंच प्रेसिडिओला जायलेत. अण्णा फौजेतून निवृत्त, जुनी छावणी बघायचीच म्हणून बसलेत. नकाशात इतकी नावं दिसायलीत की काही कळेना. जायचं कसं, बघायचं काय? परवा जायचंय.

लातूरची_माधवी :
ताई राहते कुठं? गाडी मिळणार का? चालणं किती जमतं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार दादा.

गिरीश_संभाजीनगर :
सरळ गोल्डन गेट पूल पायी पार करा. तिथं जाऊन तो केला नाही तर काय केलं?

लातूरची_माधवी :
पुलावर वारं किती असतं, विसरलात का? वयस्कर माणसांना नको. क्रिसी फील्डवरून पूल सुंदर दिसतो. १९२१ मधला लष्करी विमानतळ होता तो, आता गवताचं मैदान आणि समुद्रकाठची सपाट वाट आहे.

अमोल_नांदेड :
व्हिसाच्या मुलाखतीला मालमत्तेचे कागद सोबत ठेवा. आमच्या मामांना विचारले होते.

परभणीकर_सचिन :
अमोलभाऊ, ते तिथं पोहोचलेत. माधवीताई, ताई फ्रीमाँटला राहते, गाडी ती ऑफिसला नेते. आईला जिने चढणं होत नाही.

परंडेकर :
एवढ्या लांब जाऊन छावणीच बघायची? आमचा परंडा बघा, नळदुर्ग बघा. पाणीमहालासारखी गोष्ट तिकडं आहे का?

लातूरची_माधवी :
परंडेकर, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. सचिनदादा, बार्टने, म्हणजे तिथल्या लोकल रेल्वेनं, शहरातल्या एम्बार्काडेरो स्टेशनला उतरायचं. तिथून 'प्रेसिडिओ गो' नावाची फुकट बस आहे, वेळा ताईला आधी बघून ठेवायला सांगा. मेन पोस्टला, म्हणजे छावणीच्या मुख्य भागात, उतरले की व्हिजिटर सेंटर, आणि लागूनच टनेल टॉप्स. हमरस्त्याच्या बोगद्यांवर माती टाकून केलेली १४ एकरांची बाग, २०२२ मध्ये उघडली. बसायला भरपूर जागा, पूल समोर. पार्कला तिकीट नाही. आईंसाठी एवढं पुष्कळ आहे.

माजी_सैनिक_हिंगोली :
बाग आईसाहेबांना ठीक, पण अण्णा ठाणं बघायला चाललेत. १७७६ ला स्पॅनिश लोकांनी वसवलं, मग मेक्सिकोकडं, मग अमेरिकेकडं, आणि १९९४ ला सैन्यानं ते राष्ट्रीय उद्यानाच्या हवाली केलं. क्रिसी फील्डजवळची ६४० नंबरची इमारत त्यांनी बघावीच. नोव्हेंबर १९४१ मध्ये तिथं गुपचूप जपानी भाषेची शाळा सुरू झाली, विद्यार्थी बहुतेक जपानी वंशाचे अमेरिकन जवान. आणि १९४२ मध्ये जपानी कुटुंबांना किनाऱ्यावरून हलवायचे हुकूम याच प्रेसिडिओतल्या मुख्यालयातून निघाले. मुलगा वर्दीत, आईबाप तारेच्या कुंपणात. फौजी माणसाला हे कळायला पाहिजे. ती इमारत रोज उघडी नसते, वार बघून जा. सैनिकांची स्मशानभूमी मेन पोस्टपासून जवळच आहे, १८८४ पासूनची.

गिरीश_संभाजीनगर :
मग पुलाखालचा फोर्ट पॉइंट पण घ्या. विटांचा किल्ला आहे.

लातूरची_माधवी :
जिने आहेत हो तिथं! वरच्या मजल्यांवर आई जाणार कशा? आणि तोही रोज उघडा नसतो.

गिरीश_संभाजीनगर :
खालच्या चौकातून बघतील. शहरात वुड स्ट्रीटवर गदर पार्टीचं, म्हणजे तिकडच्या हिंदी लोकांनी स्वातंत्र्यासाठी काढलेल्या क्रांतिकारी संघटनेचं, स्मारक पण आहे. आपले पांडुरंग खानखोजे गदरच्या संस्थापकांतले.

परंडेकर :
खानखोजे वर्ध्याचे.

गिरीश_संभाजीनगर :
वर्ध्याचे म्हणजे आपले नाहीत का?

परभणीकर_सचिन :
मग असं ठरवतो, आई टनेल टॉप्सला बसेल, अण्णा ६४० बघून येतील. दोघं एकमेकांना सोडून राहतील का हा प्रश्नच आहे. कपड्यांचं काय? ताई म्हणते तिच्याकडं कडक ऊन आहे.

लातूरची_माधवी :
फ्रीमाँटच्या उन्हावर जाऊ नका. उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं आत येतं आणि भर दुपारी गारठा पडतो. दोघांना स्वेटर आणि अण्णांना कानटोपी द्या.

माजी_सैनिक_हिंगोली :
अण्णांची पलटण कोणती?

परभणीकर_सचिन :
मराठा लाइट इन्फंट्री.

माजी_सैनिक_हिंगोली :
मग आईसाहेबांनाही ६४० ला घेऊन जा म्हणावं. तिकडची वाट सपाट आहे, सावकाश चालतील.