‘त्यामुळे’ने सुरू होणारे विधान नेहमी मुख्य निष्कर्षच असते का?

अभ्यासिका, घाटंजी तालुका
आमच्या गावच्या अभ्यासिकेत आम्ही पाच-सहा जण स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यांवरील तर्काचे प्रश्न सोडवतो. काल हा उतारा आला: “फरदड (मुख्य हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेले पीक) घेतली की थोडा अधिक कापूस हाती येतो, हे खरे. परंतु डिसेंबरनंतरही पऱ्हाटी (कपाशीची झाडे) शेतात उभी राहिली, तर गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते. त्यामुळे तिचा जीवनक्रम तुटत नाही. तेव्हा कपाशी डिसेंबरअखेर उपटून शेत मोकळे करावे. ही अळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते.” तिसरे विधान ‘त्यामुळे’ने सुरू होते, म्हणून मी ते मुख्य निष्कर्ष मानले. उत्तरतालिका त्याला ‘मधला निष्कर्ष’ म्हणते. विधानाची भूमिका ओळखायची तरी कशी?

निवृत्त शिक्षक, दारव्हा
विधानाची भूमिका त्याच्या पहिल्या शब्दात नसते. इतर विधानांशी असलेल्या त्याच्या नात्यात असते. प्रत्येक विधानाला दोन प्रश्न विचारा: ‘असे का?’ आणि ‘मग काय?’ जीवनक्रम तुटत नाही, असे का? कारण अळीला खाद्य मिळत राहते. मग काय? शेत मोकळे करावे. ज्या विधानाला दोन्ही प्रश्नांची उत्तरे उताऱ्यातच मिळतात, ते एका हाताने आधार घेते आणि दुसऱ्या हाताने देते. तोच मधला निष्कर्ष होय. ‘शेत मोकळे करावे’ याला मात्र ‘मग काय?’ विचारले, तर उतारा पुढे काहीच सांगत नाही.

क्रमावरही विसंबू नका. न्यायदर्शनातील (प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील) पाच भागांच्या पंचावयवी वाक्यात (प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन) ‘डोंगरावर अग्नी आहे’ हे आरंभी प्रतिज्ञा म्हणून येते आणि शेवटी सिद्ध होऊन निगमन म्हणून येते. विधान एकच असते, पण त्याची कामे दोन होतात.

कोरडवाहू शेतकरी, राळेगाव
सरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. ‘पाऊस लांबला, त्यामुळे पेरणी उशिरा झाली’ असे मी म्हटले, तर मी युक्तिवाद करत नाही. पेरणी उशिरा झाली हे साऱ्या गावाने पाहिलेले असते, मी फक्त त्याचे कारण सांगतो. ऐकणाऱ्याला जी गोष्ट अजून पटायची आहे, तिच्यासाठी आधार दिला, तरच तो युक्तिवाद होतो.

पहिल्या वाक्याकडेही नीट पाहा. ‘हे खरे’ म्हणून लेखकाने समोरच्याची बाजू मान्य केली आहे, खोडलेली नाही. फरदडीचा कापूस आम्हाला खरोखरच मिळतो. म्हणून या युक्तिवादात एक न लिहिलेले आधारविधान दडले आहे: पुढच्या हंगामातील नुकसान त्या चार वेच्यांच्या उत्पन्नापेक्षा मोठे असते. ज्यांनी गुलाबी बोंडअळीने ग्रासलेला 2017 चा हंगाम पाहिला, किडकी बोंडे हाताने फोडून पाहिली, त्यांना ते सांगावे लागत नाही. परंतु परीक्षार्थ्याने ते ओळखायला हवे.

शेजाऱ्याने पऱ्हाटी उभी ठेवली, तर धुऱ्यापलीकडून पतंग माझ्याकडे येणारच, असा आक्षेप आमच्याकडे नेहमी घेतला जातो. त्याने उताऱ्यातील एकही आधारविधान खोटे ठरत नाही. सगळ्यांनी मिळून शेते मोकळी केली, तर उपाय पुरता लागू पडतो, एवढी अट मात्र निष्कर्षाला जोडली जाते.

अभ्यासिका, घाटंजी तालुका
सर, भाऊ, दोघांचेही आभार. आज आम्ही तो उतारा फळ्यावर लिहून पुन्हा सोडवला. शेवटचे वाक्य मी आधी निव्वळ माहिती म्हणून सोडून दिले होते. ते पुसून उरलेला उतारा वाचला, तेव्हा अडचण लक्षात आली: अळी इतर पिकांवरही तितकीच जगत असती, तर कपाशी उपटूनही तिला खाद्य मिळाले असते आणि शेत मोकळे करण्याचा सल्ला निराधार ठरला असता. म्हणजे निष्कर्षानंतर आलेले ते वाक्यसुद्धा आधारविधानच आहे, असे आम्ही वहीत लिहिले आहे.