ॲनिमल मॉडेलला मराठीत काय म्हणायचं?

धागेदोरे: सोलापुरातल्या एका दवाखान्यासाठी वंध्यत्वावरच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय, दोन दिवस एका वाक्यावर अडकलेय. पीसीओएस या बायकांच्या बीजकोशाच्या आजाराच्या ॲनिमल मॉडेलमध्ये मादी उंदरांना रोज लेट्रोझोल हे औषध देतात, त्यानं टेस्टोस्टेरॉन वाढतं, बीजकोशात गाठी होतात, पाळी बिघडते. 'नमुना' लिहिलं तर प्रूफ बघणाऱ्या काकू म्हणाल्या, नमुना रक्त-लघवीचा असतो. 'प्रारूप' म्हटलं की मतदारयादी आठवते. सुचवा की.

शब्दवेडा: प्रतिमान. चांगला शब्द असताना मॉडेल कशाला.

बाळीवेस_कट्टा: प्रतिमान कोण बोलतंय ओ? माणसाचा आजार जनावरात मुद्दाम उभा करायचा, एवढंच आहे ना ते, मग तसंच उलगडून लिहा.

पंढरपुरी_म्हैस: ताई, मॉडेलचं राहू द्या, आधी ती 'पाळी' काढा. उंदराला पाळी नसते, चार-पाच दिवसांचं माजचक्र असतं. पाळी बाईला, काही माकडांना, थोड्या वटवाघळांना, आणि एक काटेरी उंदीर आहे त्याला. म्हणूनच एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार, साध्या उंदरात आपोआप होत नाही, त्याच्याच गर्भाशयाचा तुकडा काढून पोटात आतनं शिवतात तेव्हा तो आजार तयार होतो.

शब्दवेडा: बायकांच्या हातात जाणाऱ्या पत्रकात 'माज'? मदचक्र लिहा.

पंढरपुरी_म्हैस: माद्यति, मज्जइ, माजणे. मद आणि माज एकाच घरातले, मग एकाला पाट आणि दुसऱ्याला गोठा का? आमच्याकडं म्हशी आहेत. मुका माज असला की म्हैस ओरडत नाही, काही नाही, दिवस निघून जातात आन लोक म्हणतात वांझ निघाली. फळवली तरी एकवीस दिवसांनी उलटली की परत तेच.

गड्ड्याची_वाट: वांझवरनं आठवलं. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात कुणी भाकड गाईला वांझ म्हटलं की आजोबा भांडायचे. भाकड म्हणजे दूध आटलेली, ती परत गाभण राहते की. माझ्या मावशीला आठ वर्षं मूल नव्हतं, अख्खी गल्ली तिला वांझ म्हणायची आणि काकांची तपासणी कुणी केलीच नाही. वन्ध्या, वंझा, वांझ, म्हणजे तुमच्या 'वंध्यत्वा'त तीच शिवी बसलीय. 'मूल राहण्यात अडचण' लिहा.

शब्दवेडा: शब्द काढून लोकांची जीभ सुधारत नाही. 'पुरुष वंध्यत्व' म्हणतातच की.

गड्ड्याची_वाट: कागदावर म्हणतात. गल्लीत कुठल्या पुरुषाला वांझ म्हणून हाक मारलेली ऐकलीत?

धागेदोरे: मावशीचं वाचून गलबललं. शीर्षक बदलून बघते. अजून एक, लेट्रोझोल तर बायकांना बीज फुटायला थोडे दिवस देतात, हे वाचून त्या घाबरतील, म्हणून 'उंदरांना सलग कित्येक दिवस' असं स्पष्ट लिहिते. पण शुक्रवारी छापायला जातंय, मॉडेलचं काय करू?

बाळीवेस_कट्टा: होईल ते. आधी सांगा, गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा गाभण राहत नाही, पोटात दोघांचं रक्त एक होतं आणि गोऱ्ह्याच्या हार्मोन्सनं तिचे अवयव नीट घडत नाहीत, तर तिला तुमच्यात काय म्हणतात? वांझ म्हणू नका फक्त.