लोअर आर्म घरी बसवावा का? माझं मत: हो, बसवावा

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमधे स्विफ्टचा पुढचा डावा लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा) बदलला. जुना काढायला तासभर लागला, नवीन बसवायला दुपारचे चार वाजले, कारण पिलरमुळे पान्याला फिरायलाच जागा नाही आणि बुश (आर्मच्या टोकातला रबरी सांधा) आत गेला तरी भोकं काही जुळेनात, बोल्ट अर्ध्यात अडायचा. हातोडी नाही मारली. निमुळता स्क्रूड्रायव्हर भोकात घालून आर्म केसभर सरकवला, तसाच धरला आणि बोल्ट हाताने चार आटे बसल्यावरच पाना लावला. एवढा वेळ गॅरेजवाला देत नाही, म्हणून ही कामं घरीच करावीत.

पाना१३: दादा, हौस समजते पण चूक सल्ला देताय. चाक लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट आवळलेत ना? रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं, गाडी खाली उतरली की ते पिळलं जातं आणि लवकर फाटतं. हे काम गाडी उचलायची लिफ्ट असलेल्या गॅरेजचंच आहे.

धागाकर्ता: अहो पण लिफ्टवरही चाकं लोंबकळतातच की! उजवी बाजू गॅरेजमधेच केली होती, माझ्या डोळ्यांदेखत वरच गनने (मशिनी पान्याने) आवळली, दीड वर्षात बुश गेला. मी आर्मखाली दुसरा जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणलं आणि मगच फायनल टाईट केलं.

कोल्हापूरची_मीरा: मी दोन्ही वेळा घरीच केलंय. लिंक रॉड बसत नसेल तर जोर लावू नका, तो ज्याला जोडायचा तो अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) एकच बाजू उचलली की पिळलेला असतो, दोन्ही बाजू सारख्या उंचीला आणल्या की लिंक हाताने जाते. रबराला साबणाचं पाणी लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पण शॉकअपवरची स्प्रिंग घरी अजिबात उघडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाईल.

पाना१३: ताई, स्प्रिंगचं पटलं. बाकी माझं मत तेच. बॉल जॉइंटच्या (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) दांड्याला खाच असते, नकलचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) बोल्ट त्या खाचेतून जावा लागतो, दांडा जरा खाली राहिला तर बोल्ट अडतो आणि नवखा माणूस तिथेच ठोकत बसतो, आटे खराब करतो. आणि गाडी नुसत्या जॅकवर असेल तर? सोसायटीत पोरं खेळत असतात हो.

धागाकर्ता: घोडी (जॅक स्टँड) लावली होती, शिवाय काढलेलं चाक आडवं करून सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) सरकवलं होतं. पोरांचं मात्र खरंय, तो विचार केला नव्हता, पुढच्या वेळी सकाळी सहालाच सुरू करीन. खाचेचं म्हणाल तर टॉर्च मारून बघितलं होतं, बोल्ट हाताने आरपार गेला. शंभर किलोमीटर झाले, आवाज नाही. उद्या टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणून सगळे बोल्ट परत तपासतो.

पाना१३: तपासाच. आणि नायलॉनवाले नट जुनेच लावले असतील तर तेही बदला, काढलेला नट परत धरत नाही.