फायबर इंटरनेट बंद, राउटरवर लाल दिवा : नवा राउटर घ्यावा का?

धागाकर्ती :
नमस्कार. आम्ही संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत राहतो आणि माझे भाषांतराचे काम पूर्णपणे घरच्या फायबरवर चालते. परवा रात्री विजांसह मोठा पाऊस झाला, वीज गेली आणि ती परत आल्यापासून इंटरनेट बंद आहे. मोबाइल वाय-फायला जोडला जातो, पण एकही पान उघडत नाही. राउटरवर 'पॉवर' हिरवा आहे, 'पॉन' (कंपनीच्या फायबरशी जोडणी झाल्याचे दाखवणारा दिवा) बंद आहे आणि 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकतो. राउटर दोनदा बंद करून चालू केला, तक्रारही नोंदवली. विजेमुळे राउटर जळाला असेल, नवा घ्या, असे ओळखीचे दुकानदार सांगतात. घ्यायचा तर कोणता घ्यावा? की आधी मागचे बारीक छिद्र टाचणीने दाबून रीसेट करून पाहावे?

प्रतिसाद १ :
ताई, राउटर घेण्याची घाई करू नका आणि ते छिद्र तर मुळीच दाबू नका. फायबर ओढण्याच्या कामात मी काही वर्षे होतो, तेव्हा रीसेटमुळे दुहेरी अडचणीत सापडलेली पुष्कळ घरे पाहिली आहेत. रीसेट केल्यावर कंपनीने भरलेले युजरनेम, पासवर्ड आणि इतर सेटिंग पुसले जाऊ शकते. मग तार दुरुस्त झाली तरी इंटरनेट सुरू होत नाही.

'एलओएस' लाल असणे म्हणजे कंपनीकडून येणारा प्रकाश तुमच्या राउटरपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. मोबाइल ते राउटर हा टप्पा चालू आहे, म्हणून वाय-फाय दिसते. दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, तारेत आहे. राउटरच्या मागे हिरव्या टोकाची पातळ तार असते. ती नीट बसली आहे का, कपाटामागे दाबली किंवा तीव्र वळली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, हे पाहा. ती काढलीत तर टोकात डोकावू नका, कारण त्यातला १४९० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. टोकाला बोटही लावू नका. त्यानंतर घरापासून खांबापर्यंतची तार जमिनीवरूनच न्याहाळा. पावसात फांदी पडून तार ताणली जाणे हे कोकणात नेहमीचेच आहे.

शेजाऱ्यांकडेही विचारा. एक फायबर स्प्लिटरमधून, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या डबीतून, अनेक घरांत, बऱ्याचदा ३२ घरांत, वाटली जाते. सगळ्यांचे बंद असेल तर दोष मुख्य तारेत आणि फक्त तुमचे बंद असेल तर तुमच्या घराकडे येणाऱ्या तारेत असण्याची शक्यता अधिक.

प्रतिसाद २ :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त विजेबद्दल थोडे लिहितो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, परंतु बाहेरच्या तारेला आधार देणारी पोलादी तार नेते, आणि घरातल्या वीजजोडणीतून येणारा दाब राउटरच्या अडॅप्टरला मारक ठरतो. तुमचे दिवे लागत आहेत, त्यामुळे अडॅप्टर तरी शाबूत दिसतो. लाइनमन आला की मीटर लावून 'पॉवर किती येते', म्हणजे तारेतून प्रकाश किती पोहोचतो, ते विचारा आणि आकडा लिहून ठेवा. साधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) या दरम्यान तो असावा; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे २५ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण पुढच्या पावसात पुन्हा बंद पडण्याची भीती राहते, म्हणून जोड पुन्हा करायला सांगावे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. काम झाल्याशिवाय तक्रार बंद केली, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या दोन्ही घरांत इंटरनेट चालू होते, म्हणून परसातून तार पाहत गेले, तेव्हा फणसाची फांदी तारेवर पडलेली दिसली. फोटो तक्रारीला जोडल्यावर लाइनमन दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मीटरवर आधी उणे ३१ दिसत होते. खांबाजवळ नवा जोड मारल्यावर उणे २१ झाले आणि 'पॉन' हिरवा स्थिर झाला. राउटर जुनाच आहे. आता वीज गेल्यावर काम थांबू नये म्हणून राउटरपुरता छोटा यूपीएस घ्यायचा आहे. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिले आहे.

प्रतिसाद २ :
१२ व्होल्टचाच घ्या, ९ व्होल्टचा चालणार नाही. अँपिअर १ किंवा त्याहून अधिक असले तरी हरकत नाही. पिनची जाडी मात्र जुन्या अडॅप्टरशी जुळवून घ्या.