पंप नसताना रोमन लोक 50 किमीवरून पाणी कसं आणायचे?

नहरवाला: आपल्या संभाजीनगरची (औरंगाबादची) जुनी पाणीयोजना, नहर-ए-अंबरी, जमिनीखालून येते, पण रोमन कालवा म्हटलं की फोटोत कमानींचे पूलच दिसतात. उतार किती ठेवत? प्रत्येक दरीवर पूल बांधत का? आणि सिमेंट नसताना गळती कशी थांबवत?

ओळंबा: पूल देखणे म्हणून त्यांचेच फोटो निघतात. बाकी कालवा बहुतेक जमिनीखालीच असे. दक्षिण फ्रान्समधलं नीम घ्या. झऱ्यापासून शहर सरळ रेषेत 20 किमी, पण टेकड्या टाळत कालवा गेला 50 किमी. एवढ्या लांबीत उतार जेमतेम 12-13 मीटर, म्हणजे किमीला सरासरी 25 सेंमी!

लेव्हलला 'कोरोबाटीस' वापरत: 20 रोमन फूट (सुमारे 6 मीटर) लांबीचा लाकडी पाट, त्याला ओळंबे. वाऱ्यानं ओळंबे हलायला लागले की पाटावरच्या खाचेत पाणी भरून लेव्हल बघायची. उतार जास्त झाला की पाणी अस्तर खातं, कमी झाला की गाळ बसतो.

नीमला खरा त्रास दिला तो क्षारांनी. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर थर चढतो ना, तसाच. सव्वा मीटर रुंदीच्या कालव्यात दोन्ही भिंतींवर काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आसपास थर साचला. पाणी जाणार कुठून?

चुनाघाणी: गळतीचं उत्तर आपल्याच जुन्या वाड्यांत आहे: सुरखी. रोमन लोकही कौलं-विटा कुटून चुन्यात मिसळत. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते, म्हणून माल ओलाव्यातही घट्ट होतो. नुसता चुना हवेवर आवळतो, ओल्यात तसाच मऊ राहतो. विटा फार भाजलेल्या असतील तर सुरखी आळशी निघते, चुन्याशी नीट संयोग पावत नाही, हे गवंड्यांनी लक्षात ठेवावं. भिंत आणि तळ जिथं मिळतात त्या कोपऱ्यात गोलाईची पट्टी भरत, कारण तडा आधी तिथंच जातो. समुद्रातल्या बांधकामाला मात्र ज्वालामुखीची राख: रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनं प्रमाण दिलंय, 2 भाग राख, 1 भाग चुना.

नहरवाला: आणि खोल दरी आली तर?

ओळंबा: साधारण 50 मीटरपर्यंत पूल. नीमच्याच कालव्यावरचा पाँ द्यु गार जवळपास 49 मीटर उंच आहे. त्याहून खोल असेल तर नळातून पाणी खाली सोडून पलीकडे चढवायचं. संभाजीनगरच्या पाणचक्कीकडे येणाऱ्या पाण्याचं तत्त्व हेच. फ्रान्समधल्याच लियों शहराच्या जिये कालव्यावर एक दरी सुमारे 120 मीटर खोल आहे, म्हणजे तळाशी चौरस सेंमीला 12 किलो दाब. एकच मोठा नळ टाकला तर फुटेल, कारण व्यास वाढला की नळाच्या भिंतीवरचा ताणही वाढतो. म्हणून अलीकडच्या हौदातून शिशाचे अनेक बारीक नळ शेजारी शेजारी. पलीकडचा हौद त्याच्यापेक्षा काही मीटर खाली ठेवावा लागे, नाहीतर घर्षणात दाब जाऊन पाणी वर पोचतच नाही.

तोटी: चोरीचं राहिलं की! इ.स. 97 मध्ये रोमचा पाणीप्रमुख झालेल्या फ्रॉन्टिनसनं सगळं लिहून ठेवलंय. प्रत्येक कनेक्शनच्या सुरुवातीला ठरावीक मापाची, शिक्का मारलेली ब्राँझची तोटी. लोक तोटीला हात लावत नसत, तिच्या लगेच पुढे, घराच्या बाजूला, मोठा नळ जोडत. तोटी तीच, पाणी जास्त. म्हणून नियम आला: तोटीपासून 50 फूट नळ तोटीच्याच मापाचा. देखभालीला 700 गुलाम होते, तरी फोडाफोडी चालूच. आपल्याकडची नळाला मोटर लावणारी मंडळी तिथं शोभली असती.