मदत हवी आहे: वाडीच्या वरची भेग मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. आमची वाडी पाटण तालुक्यात. गेल्या पावसाळ्यात वरच्या अंगाला, सड्याखाली, जमिनीला लांबलचक भेग पडलीय. एका जागी हात कोपरापर्यंत आत जातो. तिथली दगडी ताल (शेताचा बांध) मधोमध तुटून खालची बाजू वीतभर खचलीय. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. पाऊस लागला की म्हातारी माणसं झोपत नाहीत.

पाहणी झाली, 'निगराणी ठेवा' म्हणून साहेब गेले. निगराणी म्हणजे काय, रोज जाऊन भेगेचं तोंड बघून यायचं? जोशीमठ १२ दिवसांत ५.४ सेंमी खचलं हे इस्रोनं उपग्रहावरून काढलं होतं. तसं आमचं बघता येईल का? की मोबाईलच्या जीपीएसवर भागेल? खर्च वर्गणीतून, म्हणजे बेताचाच.

प्रतिसाद १:
मोबाईलचा जीपीएस विसरा. तो मीटरांत चुकतो, तुम्हाला मिलिमीटर हवेत. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचा रडार डेटा फुकट मिळतो, पण जोशीमठला घरं-रस्ते होते, तुमच्याकडे झाडोरा. पावसाळ्यात गवत वाढलं की उपग्रहाच्या दोन फेऱ्यांचे सिग्नल जुळत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला हवं असतं. शिवाय उत्तर-दक्षिण सरकणं त्याला जवळपास दिसतच नाही. उतार कुठल्या दिशेला आहे?

त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी सळ्या काँक्रीटमध्ये पक्क्या रोवा, अशा तीन-चार जोड्या. अंतर स्टीलच्या टेपनं घ्या. खचण मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. शेजारी रोजचा पाऊसही लिहा. एकूण किती सरकलं यापेक्षा वेग वाढतोय का ते बघा. आणि भेग उघडी ठेवू नका, चिकणमातीनं बुजवा. वरून येणारं पाणी चर काढून बाजूला वळवा. हे मोजण्याच्याही आधी.

धागाकर्ता:
उतार पूर्वेला. सळ्या मिळतील, पण तिथं गुरं चरतात. धक्का लागला तर?

प्रतिसाद १:
सळईचं टोक जमिनीबाहेर चार बोटंच ठेवा, भोवती काटेरी कुंपण घाला. एक जोडी भेगेपासून लांब, पक्क्या कातळावर मारा. तिचं अंतर बदललं तर चूक टेपची किंवा मोजणाऱ्याची. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं तर मात्र मोजत बसू नका, वाडी खाली करा.