डिनास ब्रानला ज्येष्ठ आणि लहान मुलांसोबत जमेल का? मदत हवी आहे

मंडळी, वेल्समधल्या लँगोलनला फॅमिलीसोबत जायचंय आणि डिनास ब्रानच्या पडक्या किल्ल्यावर चढायचंच आहे, कारण होली ग्रेल, म्हणजे येशूचा पवित्र प्याला, तिथे लपवलाय ही दंतकथा ऐकल्यापासून लेकीने रोज तेच लावून धरलंय. किल्ला 1260च्या दशकातला, 1277 मध्ये इंग्रज पोचायच्या आत आतल्या लोकांनीच जाळला, आता टेकडीच्या माथ्यावर नुसत्या भिंती आणि कमानी उरल्यात, पण मला असेच किल्ले जास्त आवडतात.

प्रश्न सासूबाईंचा आहे, चढायला त्या एका पायावर तयार पण उतरताना गुडघा फार दुखतो. कालव्याच्या पुलापासूनची वाट शेवटी चांगलीच उभी आहे, मग मागच्या पॅनोरमा वॉक नावाच्या रस्त्याच्या बाजूने गेलं तर चढ कमी पडेल का, आणि गाडी लावायला नीट जागा मिळते का? पाऊस पडून गेल्यावर गवत किती निसरडं होतं? वर टॉयलेट नाही, आडोसाही फारसा नाही, त्यात वारा, म्हणून धाकट्याला कॅरियरमध्ये पाठीवरच घेणार. आणि सासूबाईंना नाहीच जमलं तर त्यांच्यासाठी पॉन्टकिसिल्टेच्या जलसेतूवरून (दरीवरून कालवा नेणाऱ्या पुलावरून) बोटीची फेरी कशी वाटेल? कोणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा.